सोयाबीनचा भाव, बाभळीचं पाणी, बीडची रेल्वे... गाऱ्हाणं नेमकं कुणाकडं न्यायचं, दिल्लीला का मुंबईला?

मोंढ्यावरून (परभणी) :
मंडळी नमस्कार. लई दिवसांपासून डोक्यात घोळायलंय म्हणून धागा काढतोय. आमच्या तालुक्यात शेतकऱ्यांनी निवेदन दिलं, सगळ्या मागण्या एकाच कागदावर, सोयाबीनला हमीभाव, हायवेचे खड्डे, पीकविमा, दिवसा लाईट, जायकवाडीचं पाणी, सगळं. आमदाराकडं गेले तर ते म्हणाले भाव आणि हायवे केंद्राचं काम, खासदाराच्या ऑफिसात गेले तर तिथं सांगितलं शेती हा राज्याचा विषय आहे. दोघंही खोटं बोलत नव्हते असं मला वाटतंय, पण मंग माणसानं जायचं कुठं? शाळेत नागरिकशास्त्रात केंद्रसूची राज्यसूची पाठ केली होती, दोन मार्काला यायचं, पण आपल्या रोजच्या जगण्यातलं काय कोणत्या यादीत बसतं ते कुणी सांगितलंच नाही. इथं जाणकार लोक आहेत, जरा मराठवाड्यातली उदाहरणं घेऊन सांगा. पक्षाचं राजकारण नको.

वकील_नांदेड :
चांगला विषय काढलात दादा. आधी सांगाडा सांगतो मग सोयाबीनवर येतो.

घटनेचा २४६ वा अनुच्छेद आणि सातवी अनुसूची. तीन याद्या आहेत. संघसूचीत मुळात ९७ विषय होते, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन, आयात-निर्यात, राष्ट्रीय महामार्ग वगैरे. राज्यसूचीत ६६, पोलीस, शेती, पाणी, जमीन, सार्वजनिक आरोग्य, बाजार. समवर्ती सूचीत ४७, त्यावर दोघंही कायदा करू शकतात, पण दोघांच्या कायद्यात विसंगती आली तर २५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे सहसा केंद्राचा टिकतो. आणि या तिन्हीत कुठंच नसलेला विषय असेल तर तो २४८ प्रमाणे केंद्राकडे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं शिक्षण, वनं, वन्यप्राण्यांचं संरक्षण, वजनमापं हे राज्याकडून काढून समवर्तीत टाकलं, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता सोयाबीन. शेती राज्यसूचीत नोंद १४, बाजार नोंद २८, म्हणून बाजार समितीचा कायदा राज्याचा, १९६३ चा. पण हमीभाव जाहीर करतं केंद्र, कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून, आणि त्याला कायद्याचा आधार नाही, तो सरकारचा निर्णय असतो. २०२५-२६ ला सोयाबीन ५३२८ रुपये क्विंटल जाहीर केला. मोंढ्यातला, म्हणजे बाजार समितीच्या आवारातला, आडत्या त्या भावानं घ्यायला कायद्यानं बांधलेला नाही. आणि मोंढ्यातला भाव खरा कशावर हलतो? तेलाच्या आयातीवर. आयातशुल्क ही पूर्ण केंद्राची सत्ता. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ ला परत १० वर आणलं. पेरणीच्या तोंडावर. राज्य सरकार त्यात पत्र लिहिण्यापलीकडं काही करू शकत नाही.

अजून एक बारीक पण फार मोठी नोंद आहे, समवर्ती सूचीतली ३३. १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीनं त्यात अन्नधान्य, तेलबिया, खाद्यतेल, वैरण, कापूस यांचा व्यापार आणि पुरवठा घातला. म्हणजे पीक शेतात उभं आहे तोवर राज्याचं, आणि बैलगाडीत बसून मोंढ्याकडं निघालं की केंद्राचाही हात त्यावर. २०२० चे तीन कृषी कायदे याच नोंदीच्या जोरावर आले होते, २०२१ च्या शेवटी मागे घेतले.

जालन्याहून :
कापसाचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत म्हणाले मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे आमचा कापूस वेचायला यायच्या नेमक्या टायमाला बाहेरचा कापूस बिनशुल्क. निर्णय दिल्लीत झाला आणि फटका बदनापूर-अंबडच्या शेतकऱ्याला. मंग वकीलसाहेब राज्याच्या हातात उरलं काय? पंचनामे करायचे आणि सांत्वन करायचं, एवढंच?

वकील_नांदेड :
नाही, असं म्हणून राज्याला मोकळं सोडू नका भाऊ. हमीभावाची खरेदी नाफेडसारख्या केंद्रीय संस्थांसाठी होते, पण खरेदी केंद्र कुठं उघडायचं, किती उघडायची, नोंदणी कधी सुरू करायची, बारदाना वेळेवर पोचवायचा, हे राज्याच्या पणन यंत्रणेचं काम. केंद्र उशिरा सुरू होतं तोवर गरजवंत शेतकऱ्यानं माल आडतीवर टाकलेला असतो. ओलाव्याचा निकष मात्र केंद्राचा, १२ टक्के, २०२४ ला तो १५ पर्यंत शिथिल केला होता तो केंद्रानंच. म्हणजे एकाच काट्यावर दोन सरकारं उभी असतात. निवेदनात "हमीभाव द्या" एवढंच लिहिलं की दोघंही सुटतात. "आमच्या तालुक्यात खरेदी केंद्र अमुक तारखेच्या आत उघडा" असं लिहिलं की राज्य सुटत नाही.

कळंबची_ताई :
मी बोलू का. आमच्याकडं सप्टेंबर २०२५ ला मांजरेला जे पाणी आलं त्यात जमिनीच खरडून गेल्या. तेव्हा मला हे दोन सरकारांचं गणित पहिल्यांदा समजलं. आपत्तीत राज्याचा जो निधी असतो त्यात ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा, आणि हेक्टरी किती द्यायचं तो निकष केंद्राचा. तेव्हा जिरायतीला ८५००, बागायतीला १७०००, फळबागेला २२५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. पंचनामा कोण करणार तर आपला तलाठी. वरून जास्त द्यायचं असेल तर राज्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचं, तसं त्यांनी मर्यादा तीन हेक्टर केली. जिरायतीला हेक्टरी ८५०० म्हणजे एकरी साडेतीन हजाराच्या आत, बियाणं खत फवारणी आणि काढणी धरली तर त्यात काय होतं ते इथं शेती करणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. मला म्हणायचंय की हा आकडा दिल्लीत एकदा ठरतो आणि राजस्थानला, केरळला, आम्हाला तोच लागू. वर्षानुवर्षं तोच. काळ्या मातीतली जमीन खरडून जाणं म्हणजे काय हे तिथं कुणी बघून ठरवलंय असं वाटत नाही.

आणि पीकविमा. त्यातही शेतकऱ्याचा वाटा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, कापसासारख्या नगदी पिकाला ५, उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य अर्धा अर्धा. राज्यानं २०२३ ला शेतकऱ्याचा वाटा स्वतः भरून एक रुपयात विमा केला आणि २०२५ ला ते बंद केलं. योजना केंद्राची, कंपनी नेमणार राज्य, पीक कापणी प्रयोग राज्याचे कर्मचारी करणार. पैसा अडला की राज्याचा हिस्सा अडला का केंद्राचा का कंपनीनंच अडवला हे कृषी कार्यालयात विचारलं तरी कुणी छातीठोक सांगत नाही. बाई माणूस विचारायला गेलं की अजूनच उडवून लावतात.

गोदाकाठचा (धर्माबाद) :
ताई बरोबर बोललात.

मी पाण्याचं सांगतो कारण आम्ही त्यातच म्हातारे झालो. पाणी राज्यसूचीत, नोंद १७. पण ती नोंदच अशी लिहिलीय की संघसूचीतल्या नोंद ५६ च्या अधीन, म्हणजे नदी एकापेक्षा जास्त राज्यांतून वाहत असेल तर केंद्राला मधे येता येतं. गोदावरी तर महाराष्ट्रातून निघून तेलंगणा-आंध्रात जाते. १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा, त्याखाली १९६९ ला बच्छावत लवाद नेमला, १९८० ला निवाडा आला.

आमचा बाभळी बंधारा महाराष्ट्राच्या हद्दीत, महाराष्ट्राच्या पैशानं, महाराष्ट्राच्या वाट्याच्या पाण्यासाठी. साठा २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट), जायकवाडीपुढं काहीच नाही. पण खाली तेलंगणात पोचमपाडचं धरण, त्याचं फुगवटा-क्षेत्र (मागं तुंबणारं पाणी) आमच्यापर्यंत येतं, म्हणून आंध्र २००६ ला थेट सुप्रीम कोर्टात गेलं. दोन राज्यांचं भांडण असलं की १३१ व्या अनुच्छेदाखाली सरळ तिथंच जाता येतं. निकाल २८ फेब्रुवारी २०१३ ला लागला. बंधारा राहिला, पण अट काय? १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. आता तुम्हीच बघा, पाऊस कधी पडतो आणि पूर कधी येतो? त्याच चार महिन्यांत. पूर सगळा डोळ्यांदेखत खाली जातो, आणि २८ ऑक्टोबरला दरवाजे टाकले की नदीत जे वाहत असेल तेवढंच अडतं. वरून १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. दरवाजावर देखरेखीला समिती, त्यात केंद्रीय जल आयोगाचा एक माणूस आणि दोन्ही राज्यांचे एक एक.

मला न्यायालयाचा अनादर करायचा नाही. दोन राज्यांत कुणीतरी तिसऱ्यानं निवाडा द्यावाच लागतो, नाहीतर ज्याचं धरण वर तो राजा. पण तारीख पावसाळ्यावर ठरावी, कॅलेंडरवर नको, एवढी साधी मागणी आहे, आणि ती मागणी घेऊन आमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊन उपयोग नाही, मंत्रालयातून तेलंगणाशी बोलणी व्हायला पाहिजेत. दोन्ही राज्यं राजी झाली तर मार्ग निघतो. त्यासाठी आपल्याकडून किती रेटा लावला गेला?

पैठण_उजवा_कालवा :
धर्माबादच्या काकांशी सहमत, पण जायकवाडीचं पूर्ण वेगळं आहे आणि लोक दोन्हीची गल्लत करायलेत. नाथसागरात (जायकवाडीच्या जलाशयात) वरून पाणी येत नाही ते नाशिक-नगरची धरणं भरून घेतात म्हणून. ते दिल्लीचं भांडणच नाही. वरचे आणि खालचे दोघंही एकाच राज्यातले. त्याला २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा आहे, त्याचं कलम १२(६)(क), समन्यायी वाटप. मेंढेगिरी समितीनं निकष दिला, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं. २०१६ ला उच्च न्यायालयानंही ते तत्त्व मान्य केलं. म्हणजे कायदा आहे, प्राधिकरण आहे, कोर्टाचा आदेश आहे, सगळं मुंबईच्या अखत्यारीतलं, तरी कमी पावसाच्या वर्षी पाणी सोडायच्या वेळेला दर वेळी आंदोलन करावं लागतं. यात केंद्रानं अन्याय केला म्हणायला जागाच नाही. मला तर वाटतं मराठवाड्याचं निम्मं गाऱ्हाणं हे केंद्र विरुद्ध राज्य असं नसून मुंबई विरुद्ध मराठवाडा असं आहे.

धारूरचा_पोरगा :
हे शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे.

बीडच्या रेल्वेचं सांगतो. रेल्वे संघसूचीत, नोंद २२, त्यात राज्याचा संबंध नाही. तरी अहिल्यानगर-बीड-परळी २६१ किलोमीटरच्या लाईनला निम्मा खर्च राज्यानं उचलायचा असं ठरलं. १९९५ ला मंजुरी, आणि बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाला. तीस वर्षं. आमच्या आजोबांनी मंजुरीची बातमी वाचली होती. या तीस वर्षांत दर वेळी काय ऐकलं? राज्य म्हणायचं केंद्रानं बजेटमध्ये कमी ठेवले, केंद्र म्हणायचं राज्याचा हिस्सा आला नाही, आणि जमीन संपादनाचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात, कारण भूसंपादन समवर्ती सूचीत. मुंबईच्या मोठ्या प्रकल्पांना दोन्ही सरकारांचे पैसे लगेच जुळतात, आमच्या रुळाला जुळायला पिढी गेली.

भागीदारी वाईट असं माझं म्हणणं नाही, राज्यानं निम्मे दिले नसते तर कदाचित अजूनही गाडी आली नसती. पण दोघांनी मिळून करायचं काम असलं की उशिराचा जाब कुणालाच विचारता येत नाही, हे फार वाईट आहे.

लातूरकर_आई :
शिक्षणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लातूरला अर्धं शहर मेडिकलच्या परीक्षेवर चालतं, क्लास, होस्टेल, मेस, सगळं. आधी राज्याची सीईटी होती, आपल्या बोर्डाच्या अभ्यासावर. मग सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नीट आली आणि २०१७ पासून फक्त नीट. वरती वकीलसाहेबांनी ४२ वी दुरुस्ती सांगितली ना, शिक्षण समवर्तीत गेलं, ते इथं लागतं. शिवाय उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं हे संघसूचीत आधीपासूनच आहे, नोंद ६६. त्यामुळं परीक्षा कशी घ्यायची ते दिल्ली ठरवणार. आमच्या पोरांना सुरुवातीला सीबीएसईचा अभ्यास जड गेला, नंतर त्यांनी मेहनतीनं तेही जमवलं.

पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट ही की प्रवेशाचा कोटा मात्र राज्याच्या हातात होता. ७०:३० चा नियम. विभागातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात तेव्हा मेडिकल कॉलेजंच कमी, सरकारी म्हणाल तर संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. आणि मार्क घेणारी मुलं भरपूर. त्यामुळं आमच्या मुलीला जास्त मार्क असूनही जागा मिळेना आणि दुसऱ्या विभागात तिच्यापेक्षा कमी मार्काला प्रवेश. हा नियम कुठल्या दिल्लीनं केला नव्हता, आपल्याच राज्यानं केला होता, आणि सप्टेंबर २०२० ला राज्यानंच तो काढला, कारण इथल्या पालकांनी तो नियम नेमका कुणाचा आहे ते ओळखून तिथंच धक्का दिला. नीट रद्द करा म्हणून ओरडलो असतो तर काही झालं नसतं. ओरडायचं कुठं हे कळणं फार महत्त्वाचं आहे.

बीड_ठेवीदार :
ताई तुम्ही ओळखलं कुठं ओरडायचं, आम्हाला दोन वर्षं कळलं नाही.

एका मल्टीस्टेट पतसंस्थेत आमच्या घरातल्या चौघांचे पैसे अडकलेत, नाव घेत नाही. लोकांना वाटलं पतसंस्था म्हणजे सहकार, सहकार म्हणजे राज्य, म्हणजे जिल्हा उपनिबंधक. तिथं गेलो तर त्यांनी हात वर केले, आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणाले. आणि ते खरं होतं. सहकारी संस्था राज्यसूचीत नोंद ३२, पण तिचं कामकाज एकापेक्षा जास्त राज्यांत म्हणून नोंदवलेलं असलं की ती संघसूचीत जाते, तिला २००२ चा केंद्राचा कायदा, तिचा निबंधक दिल्लीत. गावात शाखा, ठेवीदार ऊसतोड कामगार आणि पेन्शनर, आणि देखरेख करणारा हजार किलोमीटरवर. तो निबंधक बीडला कधी येणार? व्याजाचा दर बघून लोक गेले हे खरंय पण बोर्डावर "भारत सरकारच्या कायद्यान्वये नोंदणीकृत" लिहिलेलं असायचं, त्यावर विश्वास ठेवून गेले.

आता फसवणूक झाल्यावर गुन्हा नोंदवणार राज्याचे पोलीस. मालमत्ता जप्त करायला राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, त्याचे सक्षम प्राधिकारी इथले महसूल अधिकारी. तिकडून ईडी येणार, ती केंद्राची, तीही जप्ती करणार. अवसायक (संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी) नेमणार दिल्लीचा निबंधक. एका मालमत्तेवर तीन शिक्के, आणि लिलाव होऊन पैसा ठेवीदाराला मिळायचा तो कुणाच्या सहीनं? जे कोणी अशात अडकले असतील त्यांनी राज्याच्या कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं आपला दावा पावतीसकट नोंदवून ठेवा आणि अवसायकाकडंही नोंदवा, एकावर विसंबून राहू नका. माझ्या चुलत्याचं ऑपरेशन थांबलंय या पैशापायी, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

निवृत्त_गुरुजी (हिंगोली) :
सगळ्यांचं वाचलं. बीडच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं.

एक दुसरी बाजू मांडतो. वरती केंद्राबद्दल तक्रारी बऱ्याच आल्या. पण आपण मराठवाड्याचे लोक आहोत, आपल्याला तरी बळकट केंद्राची किंमत माहीत असायला हवी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आलं, १७ ला आपण मोकळे झालो. इथल्या लोकांनी लढा दिला, बलिदानं दिली, स्वामी रामानंद तीर्थांसारखं नेतृत्व होतं, तरी शेवटी केंद्राकडं ती ताकद होती म्हणून ते झालं. १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण एवढंच ठेवायचं होतं. फाळणी ठरल्यावर घटना समितीनं तो विचार सोडला आणि केंद्र मजबूत केलं, याद्या तशा लिहिल्या.

२०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी आलं, आधी दहा टाक्यांची मग पन्नास टाक्यांची, एका फेरीला २५ लाख लिटर. पाणी राज्याचं, रेल्वे केंद्राची, भरणं-उतरवणं स्थानिक प्रशासनाचं. तेव्हा सगळ्यांनी मिळूनच केलं ना? आणि रोजगार हमीचं उलट झालं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं सुरू केली, १९७७ ला कायदा केला, त्यासाठी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला, मीही भरायचो. तीच कल्पना २००५ ला केंद्रानं देशभर नेली. राज्यात उगवलेलं देशाला मिळालं. म्हणून दोघांत भांडणच असतं असं समजू नये.

जालन्याहून :
गुरुजी तुमचा आदर ठेवून बोलतो. १९४८ चं कुणीच नाकारत नाही. पण तेव्हा केंद्राच्या हातात ताकद दिली ती देश टिकवायला. आता ती पैशाच्या रूपात वापरली जायलीय, त्याचं काय?

जीएसटी बघा. १ जुलै २०१७ पासून राज्यांनी आपले विक्रीकर, जकात, सगळे सोडले. आता दर ठरवायचा तर जीएसटी परिषद, त्यात केंद्राचं मत एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश पाहिजे. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय पास होत नाही. (तसं केंद्रालाही एकट्याला करता येत नाही, हे खरंय.) राज्याकडं स्वतःचं काय उरलं, दारू, पेट्रोल-डिझेलचा व्हॅट, मुद्रांक, गाड्यांचा कर. म्हणून तर डिझेल स्वस्त करायला कुणीच तयार होत नाही.

दुसरं उपकर. पंधराव्या वित्त आयोगानं ठरवलं की केंद्राच्या करातला ४१ टक्के हिस्सा राज्यांना, त्यात महाराष्ट्राला ६.३ टक्क्यांच्या आसपास. पण सेस आणि अधिभार या वाटणीत येतच नाहीत, घटनेतच तसं आहे. डिझेलवर आपण जो रस्ता सेस आणि कृषी सेस भरतो तो या वाटणीबाहेर राहतो. ट्रॅक्टरला डिझेल टाकणारा आमचा माणूस आणि त्यातला वाटणीचा हिस्सा राज्याला नाही. हे याद्यांच्या कागदावर दिसत नाही. यादी बघून कायदा कोण करणार ते कळतं, पण काम कुणाच्या मनानं होणार ते तिजोरी कुणाकडं आहे त्यावरून कळतं.

पैठण_उजवा_कालवा :
जालन्याच्या भाऊंचं गणित पटलं. पण तोच प्रश्न मी मुंबईला विचारतो. राज्य दिल्लीकडं जास्त मागतं, मग जिल्हा परिषदेला काय देतं? ७३ व्या दुरुस्तीत अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतीला द्यायचे म्हणून लिहिलेत, पाझर तलाव, पिण्याचं पाणी, प्राथमिक शाळा. ते "द्यावेत" असं राज्याच्या मर्जीवर आहे, आणि राज्याची मर्जी कशी असते ते आपण बघतोच. सत्ता खाली येताना प्रत्येक पायरीवर अडते.

उदगीरचा_सीमावासी :
घटनेचा ३७१ वा अनुच्छेद कुणी काढला नाही, आश्चर्य आहे. माझं गाव उदगीर तालुक्यात, पलीकडं बीदर जिल्हा. एकाच निजामाच्या राज्यातले आम्ही. १९५६ ला बीदर कर्नाटकात गेलं, आम्ही मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. बीदर, कलबुर्गी, रायचूर त्या भागाला ९८ वी घटनादुरुस्ती करून ३७१(ञ) मिळालं, २०१२ मध्ये. त्यातून त्यांना विकास मंडळ, आणि नोकरी-शिक्षणात स्थानिकांना आरक्षण. तेलंगणाला १९७३ च्या घटनादुरुस्तीनं आलेलं ३७१(घ) आहेच, त्यातही स्थानिकांना नोकऱ्या. निजामाच्या राज्याचे तीन तुकडे झाले, दोन तुकड्यांना स्थानिक नोकरीची घटनात्मक हमी आणि मराठवाड्याला?

आपल्याला ३७१(२). १९५६ पासून घटनेत आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं आणि निधीचं समन्यायी वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी. पण ते आपोआप लागू होत नाही, राष्ट्रपतींचा आदेश लागतो. १९५६ चं कलम, मंडळं झाली १९९४ ला. त्यामधे दांडेकर समितीनं १९८४ ला अनुशेष (विकासातली मागं राहिलेली तूट) मोजून दाखवला तेव्हा कुठं हालचाल. आणि ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली, वाढवली नाही. मुदतवाढ मागायची राज्यानं, आदेश काढायचा केंद्रानं. परत तेच, दोघांच्या मधे आपण. २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं मंडळं परत करायचा निर्णय घेतला.

ही मंडळं नसण्याचा तोटा काय, तर अनुशेष किती हे अधिकृतपणे मोजणारं आणि दर वर्षी विधिमंडळापुढं अहवाल ठेवणारं कुणी राहत नाही. मोजलंच नाही तर मागणार कशाच्या आधारावर? माझ्या मते निवेदनात पहिली मागणी हीच पाहिजे, भाव आणि खड्ड्यांच्याही आधी. मराठवाड्याचे आठही खासदार आणि सगळे आमदार पक्ष बाजूला ठेवून एकाच कागदावर सही करू शकतात अशी मागणी ही एकच आहे.

वकील_नांदेड :
उदगीरकर, शंभर टक्के.

कुणीतरी व्यनि (खासगी निरोप) करून आरक्षणाचं विचारलं म्हणून थोडक्यात, वाद घालायला नाही. मागास कुणाला ठरवायचं हा अधिकार कुणाचा यावर २०१८ ची १०२ वी दुरुस्ती आली. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं मराठा आरक्षणाचा राज्याचा कायदा रद्द केला तेव्हा म्हटलं की या दुरुस्तीनंतर राज्याला ती यादी करायचा अधिकार राहिला नाही. मग त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून संसदेनं राज्यांचा अधिकार परत दिला. ५० टक्क्यांची मर्यादा मात्र १९९२ च्या निकालातली, ती तशीच. आणि धनगर समाजाची अनुसूचित जमातीची मागणी वेगळ्या दारात आहे, ३४२ व्या अनुच्छेदानं ती यादी राज्य बदलू शकत नाही, त्याला संसदेचाच कायदा लागतो. तालुक्यात उपोषणाला बसलेल्या पोरांना एवढं तरी कुणी नीट समजावून सांगायला पाहिजे की कोणती गोष्ट कोण देऊ शकतं. पोरांची तब्येत जाते हो.

मोंढ्यावरून (परभणी) :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठं एका जागी वाचायला मिळालं नव्हतं. आता आम्ही निवेदन तोडतोय. आयातशुल्क, आपत्तीचे निकष हे खासदारांच्या नावानं दिल्लीला. खरेदी केंद्र, जायकवाडीचं पाणी, विम्यातला राज्याचा हिस्सा हे आमदार आणि पालकमंत्र्यांकडं. विकास मंडळाचं दोघांना आणि राज्यपालांना प्रत. एक अडचण राहिली, वकीलसाहेब. रस्त्याचं. आमच्या गावावरून जाणारा रस्ता आधी राज्याचा होता, आता राष्ट्रीय झालाय म्हणतात, बोर्ड लागलाय, पण काम कोणत्या ऑफिसकडं ते कुणी सांगेना. आणि दिवसा लाईटचं कुणाला लिहायचं?

वकील_नांदेड :
वीज समवर्ती, नोंद ३८. कायदा केंद्राचा २००३ चा, पण वितरण कंपनी राज्याची आणि दर ठरवणारा आयोग राज्याचा, त्यामुळं दिवसा लाईटचं राज्यालाच लिहा.

रस्त्याचं असं की राष्ट्रीय महामार्ग घोषित झाला तरी प्रत्यक्ष काम केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं असतं किंवा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडं. दोन्ही ऑफिसं एकमेकांकडं बोट दाखवतात. विचारत फिरू नका, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये फी लावून (राज्याच्या ऑफिसला कोर्ट फी स्टॅम्प, केंद्राच्या प्राधिकरणाला पोस्टल ऑर्डर), दोन्हीपैकी कोणत्याही एका ऑफिसला. प्रश्न एवढाच, अमुक गाव ते अमुक गाव या रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, ठेकेदार कोण, दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो. अर्ज चुकीच्या जागी गेला असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांच्या आत बरोबर कार्यालयाकडं वर्ग करायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं असतं. तीस दिवसांत उत्तर. राज्याच्या कार्यालयाला टाकताय तर एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून विम्याचा हिस्सा केव्हा भरला, खरेदी केंद्राचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला हे वेगवेगळ्या अर्जांत विचारा. मसुदे मी रविवारी बसून करून देतो, इथंच टाकतो, ज्याला लागेल त्यानं गावाचं नाव बदलून वापरा. बीडच्या भावानं मला अवसायकाच्या नोटिशीचा फोटो व्यनि करावा, दावा नोंदवायची मुदत बघायची आहे, ती आधी.